शेवटच्या टेबलावरचा पौष

पौष लागला की अंबडची मंगल कार्यालयं मुकी होतात. बँडवाले गावाकडं तुरी सोंगायला जातात, वरातीची घोडी दारात उभी राहून निवांत कडबा खाते. एरवी ज्या हॉलसमोरून स्कूटी काढायची म्हणजे दहा जणांच्या विनवण्या कराव्या लागतात, तो हॉल कुलूप लावून ऊन खात पडलेला असतो. पौषात आपल्याकडं लग्न लागत नाही, बोलणी होत नाहीत, मुलगी बघायलासुद्धा कुणी घराबाहेर पडत नाही. या महिन्यानं एवढं कुणाचं काय घोडं मारलंय ते मला आजवर कळलेलं नाही. ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, मोसंबीच्या बागांवरून येणारा कळ्यांचा वास, सकाळी पाठ उन्हाला देऊन बसावं अशी थंडी. आणि म्हणे महिना अशुभ!

माझं मात्र त्याच्याशी चांगलं जमतं. ज्याला चारचौघांत मान नाही त्याच्या बाजूनं उभं राहायची मला जुनी खोड आहे.

काल ऑफिसातून परत येताना त्याच हॉलच्या फाटकावर शिडी लावलेली दिसली. एक माणूस कापडी फलक बांधत होता: बुद्धिबळ स्पर्धा. ही स्पर्धा दरवर्षी पौषातच होते आणि त्याचं कारणही लग्नंच. हॉल रिकामा, खुर्च्या रिकाम्या, मालक रिकामा. तोही म्हणतो, घ्या बाबांनो, तेवढीच झाडझूड होईल. मी स्कूटी थांबवून फलक डावीकडं उतरलाय एवढं सांगितलं. शिडीवरच्यानं खाली पाहिलं आणि मला ओळखलं.

"ताई, औंदा खेळनार का?"

"खेळणार की."

"मागं एका साली लई गोंधळ घातल्ता तुमी. आमाला टेबलं उचलू देऊन न्हाई राह्यल्ता."

मी म्हटलं, निम्मा गोंधळ माझा, निम्मा आष्टीच्या काकांचा. तो हसला आणि पुन्हा गाठ मारायला लागला. मी मात्र घरापर्यंत त्याच पौषात होते.

खरं तर त्याच्याही मागं जायला हवं. पिंपळगाव रेणुकाईला आमच्या ज्वारीत माळा असायचा, चार मेढींवर बांधलेला, पाखरं राखायला. पौषात दादांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, मी त्या माळ्यावर दिवस दिवस असे. खाली कणसं हलायची, वर आम्ही दोघं, मधे बियाण्याच्या पोत्यावर कोळशानं आखलेला पट. मोहरे जत्रेतले, लाकडी. एक उंट हरवला होता, त्याच्या जागी चिंचोका. दादा एका हातानं गोफण फिरवायचे आणि दुसऱ्यानं चाल करायचे, आणि मला अजूनही वाटतं की त्यांचं लक्ष पाखरांपेक्षा माझ्या वजिरावर जास्त असायचं.

आमचा खेळ देशी. गावात पिढ्यानपिढ्या चालत आलेला. त्यात प्यादं एकेक घरच चालायचं. राजाला सगळ्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. आणि प्यादं चालत चालत पार पलीकडच्या टोकाला पोचलं, तर ज्याच्या घरात पोचलं तेच व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. वजीर व्हायचं तर नेमकं वजिराच्याच घरात जाऊन पोचायला पाहिजे. बाहेरच्या जगात तसं नाही, तिथं पोचलेलं प्यादं कुठल्याही घरात असो, हवं ते होऊ शकतं. आणि वजिराइतकं जोरकस दुसरं काही नसल्यामुळे सगळे वजीरच घेतात. हे मला फार उशिरा कळलं.

"लेकीवानी हाय हे," दादा म्हणायचे. "ज्या घरात गेली त्या घरची झाली."

"पर एवढं चालून गेल्यावर तिला इचारायचं न्हाई का, तुला काय व्हायचंय म्हून?" मी विचारलं होतं.

दादांनी जोरात आरोळी ठोकली, गोफण सुटली, पाखरांचा थवा उठला आणि माझा प्रश्नही त्याच्याबरोबर गेला. राग आला होता मला. माळ्यावरून उतरून मी हुरडा भाजायच्या आगटीजवळ जाऊन बसले होते आणि गरम हुरड्यानं जीभ भाजून घेतली होती.

पुढं लग्न होऊन अंबडला आले, रजिस्ट्री ऑफिसात नोकरी लागली, आणि बरीच वर्षं पट कुठं दिसलाही नाही. मोबाइल आला तेव्हा कुठं पुन्हा खेळायला लागले. भाजी करपली की घरात सगळ्यांना कळायचं, हिचा डाव रंगात आलाय. तरी बोटाला लहानपणीचंच वळण. स्पर्धेला पहिल्यांदा बसले त्या साली माझ्या राजानं ऐन अडचणीत घोड्यासारखी उडी मारली. समोर जालन्याची दोन वेण्यांची मुलगी होती. तिनं शांतपणे हात वर करून पंचांना बोलावलं, "सर, यांचा राजा उडाला." अख्ख्या हॉलमध्ये हशा. त्या साली मी एकही डाव न जिंकता परत आले. यांनी दारातच विचारलं, "काय राणीसाहेब, हात हलवत आलात का?" माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही.

तर तो गोंधळाचा पौष. मी पुन्हा नाव दिलं होतं आणि एकच ठरवलं होतं, एक डाव जिंकायचा. बक्षीस नको, ढाल नको, पेपरात फोटो नको. समोर माणूस बसलाय, तो जिंकायला बसलाय, आणि मी त्याला मात दिली, एवढं एकदा आयुष्यात व्हायला पाहिजे. पन्नाशीच्या बाईनं असं काही मनाशी धरलं की लोकांना ते गमतीचं वाटतं. मला ते अजिबात गमतीचं वाटत नव्हतं. 

आणि सकाळपासून हरत होते. एकामागून एक. शाळकरी पोरं येत, मोहरे नीट बसवत, घड्याळ दाबत आणि मला कापूस वेचावा तसं वेचून जात. हरणाऱ्याचं टेबल प्रत्येक फेरीला मागं मागं सरकतं. शेवटच्या फेरीला मी अगदी शेवटच्या टेबलावर होते, नवरीच्या खोलीच्या दाराशी. स्टेजवर मागच्या लग्नातली 'शुभ विवाह'ची थर्माकोलची अक्षरं तशीच होती. भटारखान्यातून मिरचीची फोडणी येत होती आणि डोळे चुरचुरत होते. फोडणीनंच, असं मी स्वतःला सांगत होते.

समोर येऊन बसले ते रंगनाथकाका. आष्टीचे. डोक्यावर टोपी, टोपीवरून मफलर, आणि हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची जुडी. ती त्यांनी पटाच्या शेजारी ठेवली, एक घाटा सोलून तोंडात टाकला आणि जुडी माझ्याकडं सरकवली.

"खा. घरचा हाय. तुझं बी शून्य का?"

"शून्यच, काका."

"मंग बराबर जोड लागली. आष्टीत मला कोनी हरवत न्हाई बरं का. हितं हे लेकरं काय खाऊन येतेत देव जाने. सकाळधरून नुसता मार खाऊन राह्यलो."

पांढरे मोहरे त्यांचे. त्यांनी पहिलं प्यादं पुढं केलं, एकच घर. मग दुसरं, तेही एकच घर. माझा हात हवेतच राहिला. ही चाल मी ओळखत होते. हा माणूस आमच्या माळ्यावरचा होता. सबंध हॉलमध्ये देशी वळणाचे दोनच खेळाडू उरले होते आणि दोघं शेवटच्या टेबलावर येऊन पडले होते, हे काही आश्चर्य नव्हतं.

डाव संथ चालला. काका चाल करताना मोहरा उचलत नसत, ढकलत, आणि वजिराला हात लावायच्या आधी टोपी सारखी करत. त्यांच्या घोड्यानं माझा एक हत्ती खाल्ला तेव्हा "गेला बिचारा" असं त्यांनी इतक्या कळवळून म्हटलं की मला वाटलं आता परत देतात. मग मी त्यांचा उंट घेतला. मग वजिरावजिरी झाली, दोघांचेही वजीर पटाबाहेर गेले. आजूबाजूचे डाव एकेक करून संपले. आमचा चालूच.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. आपल्याकडं प्रमुख पाहुणे एकतर उशिरा येतात, नाहीतर नको तेव्हा वेळेवर येतात. हे दुसऱ्या प्रकारातले होते. संयोजक सरांची धांदल उडाली. टेबलं उचलून खुर्च्यांच्या रांगा लावायच्या होत्या. बाकी सगळं उचलून झालं, आमचं एक राहिलं. सर वाकून हळूच म्हणाले, "काका, ताई, बरोबरी घेऊन टाका. अर्धा अर्धा गुण. दोघांचंही शून्य निघंल, आन् पाव्हन्यांचा बी खोळंबा होनार न्हाई."

"अर्ध्यासाठी मी आष्टीहून आलो का?" काका म्हणाले. "पहिल्या गाडीनं आल्तो. खिडकीची काच नव्हती गाडीला."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी ओळखते. ताई, तुम्ही तरी समजून घ्या, असं ते पाहणं असतं.

"मलाही नको अर्धा," मी म्हटलं.

"अहो, पण शेवटचं टेबल आहे. याच्यानं काय फरक पडतो?"

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. पहिल्या टेबलावर ढालीसाठी खेळणाऱ्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. ज्याला ढाल मिळायची आहे त्याच्याच डावाला डाव म्हणायचं का? आम्हीही तेवढ्याच थंडीत उठून आलो होतो. मी सरांना म्हटलं, "आमचा डाव संपला की टेबल न्या." पंच तरुण होता, जालन्याचा, पण नियमाला पक्का. तो म्हणाला, "सर, घड्याळ चालू आहे, डाव चालू आहे." सर कपाळाला हात लावून पाहुण्यांना चहा द्यायला गेले.

मग पटावर उरलं ते फार थोडं. दोघांचे राजे. कडेला दोघांचं एकेक प्यादं, एकमेकांना डोकं लावून अडून बसलेलं. आणि दोघांचं एकेक मोकळं प्यादं, पलीकडं निघालेलं. त्यांचं घोड्याच्या घराकडं, माझं उंटाच्या घराकडं. मी दोनदा मोजलं. ते आधी पोचत होते. त्यांनी वजीर घेतला की माझं प्यादं वाटेतच अडलं असतं. पुन्हा शून्य. पुन्हा हात हलवत घरी.

काकांचं प्यादं पोचलं. त्यांनी टोपी सारखी केली, बाजूच्या मेलेल्या मोहऱ्यांत हात घातला आणि घोडा उचलून घरात ठेवला.

मी पटावर वाकले. पंचही वाकला. "काका, घोडा?"

"घोड्याच्या घरात काय कोंबडा बशीवनार?"

"वजीर घेता आला असता, काका. पण आता ठेवला, आता बदलता येत नाही."

काकांनी घोड्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मला विचाराल तर हात सवयीनं गेला होता, आणि तोंड आता त्याची बाजू घ्यायला निघालं होतं. ते मान वर करून म्हणाले, "माहीत हाय मला. घोड्याच्या घरात गेलेलं घोडाच होतंय. आमी आसंच खेळत आलो. फुकटचा वजीर मला नको."

भोवती जमलेल्यांना ते फार भिडलं. कुणीतरी टाळी वाजवली. "याला म्हनतेत खानदानी खेळ," एक जण म्हणाला. पाहुणेसुद्धा कप हातात घेऊन बघायला आले. पंचानं सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. मी माझं प्यादं एक घर पुढं ढकललं. काकांचा घोडा पार दुसऱ्या टोकाला, राजाही तिकडंच. त्यांच्या हातात अडवण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या चालीला मी उंटाच्या घरात.

आज हे लिहिताना शेजारणींच्या हळदीकुंकवाची बोलावणी येऊन पडली आहेत आणि ताटात तिळाच्या वड्या आहेत. संक्रांत आहे ना, गोड बोलायचे दिवस. मला तिळगूळ आवडतो. पण गोड बोलायची सक्ती कुणावर असते ते नीट बघितलं पाहिजे. आमच्या रजिस्ट्री ऑफिसात बहिणी येतात, बापाच्या शेतातला हक्क सोडल्याची सही करतात. भाऊ त्यांना रसवंतीवर नेतो, रस पाजतो, पुढं चोळीबांगडी करतो, आणि सगळे म्हणतात, पोरगी मोठी समजूतदार. मीही केली आहे तशी सही. दादांच्या ज्वारीचं ते रान आता माझं नाही. भांडण नाही कुणाशी. फक्त समजूतदार हा शब्द ऐकला की मला अजून दात आवळावेसे वाटतात.

त्या दिवशी तो शब्द पुन्हा आला. सर माझ्या कानाशी आले. पंचाकडं दुर्लक्ष करून म्हणाले, "ताई, काकांनी केवढा मोठेपणा दाखवला. आता तुम्ही समजूतदारपणानं उंट घ्या. आपोआप बरोबरी होती. पाव्हन्यांसंगं दोघांचा फोटो काढू." मागं दोघाचौघांनी माना हलवल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उंट घेतला असता तर डाव तिथंच मिटला असता, सगळ्यांना आवडला असता, काकांचा मान राहिला असता आणि मी चांगली बाई ठरले असते. रीतही माझीच होती ती, दादांनी शिकवलेली. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. 

पटाच्या त्या टोकापासून माझं प्यादं एकटं चालत आलं होतं. कुणी त्याला उचलून आणलं नव्हतं. एवढं चालून आलेल्याला तू कुठल्या घरात पोचलास एवढंच बघून काय व्हायचं ते सांगणार? मला नाही पटत. तेव्हाही पटलं नव्हतं, आताही नाही. काकांना त्यांची रीत प्यारी, त्यांनी पाळली, त्यांना माझा नमस्कार. पण त्यांनी घोडा घेतला म्हणून मी उंट घ्यायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? ते जिंकायला बसले होते. मीही.

मी मेलेल्या मोहऱ्यांतून वजीर उचलला आणि उंटाच्या घरात ठेवला. जरा जोरातच ठेवला. घड्याळ दाबलं.

"अरेरे," मागून कुणीतरी म्हणालं. जसं काही दूध सांडलं. टाळी नाही, काही नाही. पाहुणे परत आपल्या खुर्चीकडं गेले. काकांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत राग होता, स्वच्छ राग. मला तो आवडला. कीव असती तर मी रडले असते.

"खेळ," ते म्हणाले. "मी सोडनार न्हाई. मात होईस्तोवर सोडनार न्हाई."

"सोडूच नका, काका."

आणि त्यांनी खरंच सोडलं नाही. त्या एकट्या घोड्यानं त्यांनी मला घाम फोडला. दोनदा माझा वजीर जाता जाता वाचला. स्टेजवर दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, माइक कुईं करून ओरडला, पाहुण्यांनी बुद्धिबळानं बुद्धीचा कसा विकास होतो ते सांगायला घेतलं. आणि खाली शेवटच्या टेबलावर एक म्हातारा माणूस आपला राजा घेऊन पळत होता आणि मी त्याच्या मागं होते. शेवटी एका शहात त्यांचा घोडा गेला. मग राजा कडेला लागला. मग मी वजीर त्याच्यासमोर आणला, मागून माझ्या राजाचा आधार देऊन.

"मात," मी म्हटलं. माइकच्या आवाजात ते बुडालं, म्हणून पुन्हा म्हटलं. "मात, काका."

ते पटाकडं बघत राहिले. एकेक घर तपासलं. मग ढाळ्यांची उरलेली जुडी उचलली आणि मफलर गुंडाळायला लागले.

मी उभी राहिले आणि हात पुढं केला. डाव संपला की हात मिळवायचा असतो, कुणीही जिंको. काकांनी हाताकडं पाहिलं.

"न्हाई मिळवत," ते म्हणाले.

"मंग मी बी मागं घेत न्हाई," मी म्हटलं. शहरात इतकी वर्षं काढलेलं माझं तोंड त्या क्षणी थेट पिंपळगावचं झालं.

पाहुण्यांचं भाषण चालू होतं. लोक वळून बघायला लागले. खांदा दुखायला लागला, बोटं गार पडली, संयोजक सर दुरून खुणा करत होते की पुरे आता. मी हात तसाच ठेवला. हा डाव मी जिंकला होता आणि तो ज्याच्याशी जिंकला त्यानं ते माझ्या हातात हात देऊन म्हणायला पाहिजे होतं. कमी काही मला चालणार नव्हतं.

काका मफलर गुंडाळायचे थांबले. माझ्या हाताकडं, मग माझ्या तोंडाकडं, मग पुन्हा हाताकडं. आणि मग त्यांनी हात दिला. खुरप्याच्या मुठीनं घट्टे पडलेला, खरबरीत, गरम हात. इतका आवळला की माझी अंगठी रुतली.

"जिंकलीस," ते म्हणाले. "बराबर जिंकलीस. बस खाली."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? दुसरा डाव मांड. मला बी वजीर घेता येतो, तुला दाखीवतो."

तेवढ्यात टेबल न्यायला दोन माणसं आली. एकानं एका कडेला हात घातला, दुसऱ्यानं दुसऱ्या. काकांनी आपल्या बाजूनं दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची पुढं ओढली आणि माझीही टेकवली.